१८१९ सालचे विल्यम स्मिथ

१९ फेब्रुवारी १८१९ ला दक्षिण अमेरिकेच्या टोकाला असलेल्या केप हॉर्नच्या खाली, वाऱ्यानं भलतीकडे रेटलेल्या एका मालवाहू जहाजावरून विल्यम स्मिथला बर्फानं झाकलेली जमीन दिसली. त्याच वर्षी जूनमध्ये लंडनच्या किंग्ज बेंच तुरुंगात विल्यम स्मिथला कर्ज थकवल्याबद्दल डांबलं. १३ सप्टेंबरला सफकमधल्या बरी सेंट एडमंड्स या गावी विल्यम स्मिथ वारला, नव्वदीच्या आसपास. नॉर्विचचा खासदार विल्यम स्मिथ त्या वर्षी नेहमीप्रमाणे पार्लमेंटात बसत होता. आणि लंडनच्या उत्तरेला एनफिल्डमध्ये विल्यम स्मिथ नावाचा एक सहा वर्षांचा मुलगा वाढत होता.

ही पाच वेगवेगळी माणसं आहेत. पाचही ब्रिटिश, पाचही आपापल्या क्षेत्रात नोंद घ्यावी अशी.

मी पुण्यात ग्रंथालयाच्या कॅटलॉगिंग विभागात नोकरी केली. पुस्तक हातात आलं की लेखकाचं नाव ठरवायचं, कार्ड बनवायचं, ते ड्रॉवरमध्ये बरोबर जागी लावायचं. संगणक आला तेव्हा कार्डं गेली, पण काम तेच राहिलं. लेखकाचं नाव ठरवणं सोपं वाटतं. ‘स्मिथ, विल्यम’ हे शीर्षक समोर आलं की कळतं, सोपं नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या नियमावलीत आडनाव आधी, मग कंसात नाव आणि त्यापुढे कंसात जन्मसाल लिहायची शिस्त आहे. ते साल कशासाठी, हे मला स्मिथ मंडळींनी शिकवलं. निवृत्तीनंतर मी त्यांच्यामागे लागले ते त्या सालांमुळेच. पुढे मृत्यूचं सालही आलं की कार्डावर दोन आकडे आणि मध्ये एक आडवी रेघ असते. त्या रेघेत या लोकांनी काय केलं ते मला वाचायचं होतं.

आपल्याकडे नावात मध्ये वडिलांचं नाव येतं, त्यामुळे दोन कुलकर्णी सहज वेगळे होतात. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये सामान्य घरच्या मुलाला बहुधा एकच नाव मिळे, आणि तेही जॉन, विल्यम, थॉमस अशा मोजक्या नावांतलं. बापाचं नाव मुलाला देण्याची रीत होतीच. आडनावांत स्मिथ पहिल्या क्रमांकाचं. त्यामुळे गावागावात विल्यम स्मिथ असणार, यात नवल नाही. लोकांनी मग टोपणनावं काढली. तुरुंगात गेलेल्याला ‘स्ट्रॅटा स्मिथ’ म्हणत, म्हणजे थरांचा स्मिथ. वारलेल्याला ‘जंटलमन स्मिथ’.

थरांच्या स्मिथबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे. तो मला या सगळ्यांत सर्वांत मोठा वाटतो.

तो १७६९ मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या चर्चिल या खेड्यात जन्मला. वडील लोहार. ते लवकर वारले आणि पोरगा शेतकरी काकाकडे वाढला. त्या भागात शेतात गोल, चपटे, चांदणी कोरल्यासारखे दगड सापडत. दूधदुभत्याचं काम करणाऱ्या बायका ते लोणी तोलायला वजन म्हणून वापरत. प्रत्यक्षात ते समुद्री प्राण्यांचे जीवाश्म होते. मुलं दुसऱ्या एका जातीचे जीवाश्म गोट्या म्हणून खेळत. समुद्रापासून इतक्या आत असलेल्या शेतात हे कुठून आले, हा प्रश्न त्या मुलाच्या डोक्यात बसला. अठराव्या वर्षी तो एका सर्व्हेअरच्या हाताखाली लागला. विद्यापीठाचं तोंड त्यानं पाहिलं नाही.

१७९१ मध्ये तो सॉमरसेटला गेला. तिथे कोळशाच्या खाणी होत्या. मर्न्स नावाच्या खाणीत उतरताना त्यानं पाहिलं, की कोळशावरचे थर ठरावीक क्रमानं येतात. खाणकामगारांना हा क्रम तोंडपाठ होता. त्यानं त्यांना विचारलं, हाच क्रम जमिनीच्या वरपर्यंत लागतो का? ते म्हणाले, वर सगळा गोंधळ आहे. स्मिथला ते पटलं नाही. मग कोळसा वाहून नेण्यासाठी कालवा खणायचा ठरला आणि त्याच्या मोजणीचं काम त्याला मिळालं. कालव्याच्या दोन शाखा दोन समांतर दऱ्यांतून जात होत्या. म्हणजे जमिनीला दोन लांबलचक छेद मिळाले, शेजारीशेजारी. दोन्हींत थर तेच, क्रम तोच, आणि सगळे पूर्वेकडे हलके कललेले. पावाचे लोणी लावलेले काप ताटात एकावर एक कलते ठेवावेत तसे, असं तो स्वतः सांगायचा.

खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हे डेन्मार्कच्या स्टेनोनं १६६९ मध्येच मांडलं होतं. अडचण अशी, की पिवळसर चुनखडीचे दोन थर दिसायला अगदी सारखे असू शकतात. ओळखायचे कसे? स्मिथचं उत्तर: आतल्या जीवाश्मांवरून. प्रत्येक थरात त्याचेच म्हणून खास जीवाश्म असतात, खालच्यात नसलेले आणि वरच्यात न उरलेले. ५ जानेवारी १७९६ ला डंकर्टन गावच्या ‘स्वान’ या खानावळीत बसून त्यानं हे टिपून ठेवलं. त्या वेळी तो सव्वीस वर्षांचा होता.

१७९९ मध्ये बाथ शहरात, ग्रेट पल्टनी स्ट्रीटवरच्या २९ नंबरच्या घरी, दोन पाद्री मित्रांसमोर त्यानं थरांची यादी वरून खाली सांगितली आणि त्यांनी ती उतरवून घेतली. त्या यादीच्या नकला हातोहात पसरल्या. छापील नव्हत्या, त्यावर हक्क सांगायला काही नव्हतं. माझी मुलगी ब्रिस्टलला राहते, तिथून बाथला रेल्वेनं पटकन जाता येतं. ती मला त्या रस्त्यावर घेऊन गेली. फिकट, मधाळ रंगाच्या दगडाची सरळ ओळीतली घरं. तो दगडही त्या यादीतल्याच एका थरातला आहे, हे ठाऊक असल्यामुळे मी बराच वेळ नुसती भिंतीकडे पाहत उभी होते.

त्याच साली कालवा कंपनीनं त्याला कामावरून काढलं. पुढची पंधरा-सोळा वर्षं तो दलदलीतलं पाणी काढून देणं, झरे शोधून देणं, कोळसा आहे की नाही ते सांगणं अशी कामं करत देशभर हिंडला. वर्षाला दहा हजार मैल प्रवास व्हायचा असं त्यानं म्हटलंय. घोडागाडीच्या छपरावर बसून दोन्ही बाजूंच्या टेकड्या पाहायच्या आणि रात्री नकाशावर रंग भरायचा. पैसे मिळत ते यातच जात. राजाचा मित्र आणि मोठा निसर्गशास्त्रज्ञ सर जोसेफ बँक्स पाठीशी उभा राहिला, वर्गणीदार मिळाले, आणि जॉन केरी या नकाशाकारानं तो छापायला घेतला.

१८१५ मध्ये नकाशा बाहेर आला. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडचा काही भाग, पंधरा तुकड्यांत, एक इंचाला पाच मैल या प्रमाणात. जोडला तर साधारण साडेआठ फूट उंच आणि सहा फूट रुंद. रंग हातानं भरलेले. प्रत्येक थराचा रंग त्याच्या तळाच्या कडेला गडद आणि वर फिका होत गेलेला, म्हणजे कोणता थर कोणाच्या खाली जातो ते डोळ्यांना आपोआप कळावं. सुमारे चारशे प्रती निघाल्या. एका संपूर्ण देशाच्या पोटातलं चित्र इतक्या तपशिलात काढायचं काम याआधी कोणी केलं नव्हतं, आणि हे एका माणसानं केलं.

लंडनमध्ये १८०७ पासून जिऑलॉजिकल सोसायटी होती. सभासद मंडळी पैसेवाली, शिकलेली, हौसेनं दगड गोळा करणारी. १८०८ मध्ये त्यांचा अध्यक्ष जॉर्ज ग्रीनो हा स्मिथच्या घरी येऊन त्याचा संग्रह पाहून गेला. स्मिथला सभासद मात्र कोणी करून घेतलं नाही. पुढे त्याच ग्रीनोनं सोसायटीतर्फे स्वतःचा नकाशा काढला, तो १८२० मध्ये आला आणि स्मिथच्या नकाशाहून स्वस्तात विकला गेला. तो येणार हे आधीपासून माहीत असल्यामुळे स्मिथच्या नकाशाची मागणी आधीच बसली.

त्यात बाथजवळ घेतलेल्या दगडखाणीत तो बुडाला. दगड हलका निघाला. बायको मनानं आजारी होती. गोळा केलेले जीवाश्म त्यानं थोडेथोडे करून ब्रिटिश म्युझियमला विकले, तरी भागलं नाही. जून १८१९ मध्ये तो तुरुंगात गेला, ३१ ऑगस्टला सुटला, आणि बकिंगहॅम स्ट्रीटवरच्या घरी पोचला तेव्हा दारात बेलिफ उभा होता. घर, सामान गेलं. बायको आणि पोरका भाचा जॉन फिलिप्स यांना घेऊन त्यानं लंडन सोडलं आणि उत्तरेला यॉर्कशायरकडे निघून गेला. वय पन्नास.

हा भाचा फार मोलाचा निघाला. मामाबरोबर हिंडत तो शिकला, पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला, आणि १८४१ मध्ये जीवाश्मांच्या आधारे पृथ्वीच्या इतिहासाचे तीन मोठे कालखंड पाडून त्यानं जागतिक कालपट मांडला. मामाचं चरित्रही त्यानंच लिहिलं. स्मिथला मान मिळाला तो १८३१ मध्ये. तोवर सोसायटीत नवी पिढी आली होती. त्यांनी पहिलं वोलस्टन पदक त्याला दिलं आणि अध्यक्ष ॲडम सेजविक यांनी त्याला इंग्लिश भूशास्त्राचा जनक म्हटलं. दुसऱ्या वर्षी सरकारनं सालाना शंभर पौंड पेन्शन लावलं. १८३९ च्या ऑगस्टमध्ये एका शास्त्रीय परिषदेला जाताना वाटेत नॉर्दम्प्टनला तो वारला.

सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना प्रश्न पडेल, की आपल्याकडे तर डोंगरच्या डोंगर थरांचे आहेत, तिथे ही पद्धत चालेल का? आपले थर लाव्हाचे. वितळलेल्या दगडात जीव टिकत नाही, तेव्हा काळ्या पाषाणात जीवाश्म शोधून उपयोग नाही. पण एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये तळी साचत, गाळ बसे, शंखशिंपले आणि झाडं त्यात राहून जात. नागपूरच्या आसपास असे गाळाचे पट्टे आहेत. तिथले जीवाश्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यानं जमवले. ज्याच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे, तोच हा. थराचं वय आतल्या जीवावरून सांगायचं, हा स्मिथचा नियम इथे तसाच लागू झाला.

आता जहाजावरचा स्मिथ. हा नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावरचा, १७९० चा. ब्लाइथ बंदराच्या ‘विल्यम्स’ या दोन डोलकाठ्यांच्या जहाजाचा कप्तान आणि भागीदार. दक्षिण अमेरिकेला वळसा घालून चिलीतल्या व्हालपरायझोला माल न्यायचा, हा त्याचा धंदा. केप हॉर्नला वारा अंगावर येई म्हणून त्यानं जहाज नेहमीपेक्षा बरंच दक्षिणेला नेलं, आणि ६२ अक्षांशाजवळ त्याला जमीन दिसली. ही साउथ शेटलंड बेटं. ६० अक्षांशाच्या पलीकडे दिसलेली ही पहिली जमीन. कप्तान कुक १७७० च्या दशकात अंटार्क्टिका खंडाभोवती सबंध फेरी मारून आला होता, पण ६० च्या पलीकडे त्याला जमीन दिसली नव्हती.

व्हालपरायझोला पोचल्यावर त्यानं तिथल्या नौदल अधिकाऱ्याला हे सांगितलं. त्याला ते खरं वाटलं नाही. हिमनग पाहिला असशील, असं ऐकावं लागलं असणार. पुढच्या फेरीत, ऐन थंडीत, तो पुन्हा तिकडे गेला आणि बर्फानं त्याला परतवलं. तिसऱ्या वेळी, ऑक्टोबर १८१९ मध्ये, तो बेटावर उतरला आणि राजाच्या नावानं झेंडा रोवून आला. मग मात्र नौदलानं त्याचंच जहाज भाड्यानं घेतलं आणि वर एडवर्ड ब्रान्सफील्ड या आपल्या अधिकाऱ्याला प्रमुख केलं. स्मिथ वाटाड्या म्हणून बरोबर. ३० जानेवारी १८२० ला त्यांना अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीचं टोक दिसलं. रशियाच्या बेलिंग्सहाउझेनला त्याच्या तीनच दिवस आधी दुसऱ्या बाजूनं तिथलं बर्फाचं कडं दिसलं होतं.

किनाऱ्यांवर सील होते, प्रचंड संख्येनं. बातमी फुटली आणि ब्रिटिश-अमेरिकन शिकारी जहाजांची रांग लागली. दोन-तीन हंगामांत तिथले केसाळ सील जवळजवळ संपले. हे वाचताना मला फार वाईट वाटलं, आणि या शोधाचा आनंद त्यानंतर पहिल्यासारखा राहिला नाही. स्मिथलाही त्यातून काही उरलं नाही. १८४७ मध्ये तो हलाखीत गेला. नकाशावर एक स्मिथ बेट आहे. बेटांमधल्या आणि मुख्य भूमीमधल्या मोठ्या सामुद्रधुनीला मात्र नाव ब्रान्सफील्डचं आहे.

या दोघा स्मिथांना शेजारी ठेवून पाहा. एकानं जमिनीखालचा देश दाखवला, दुसऱ्यानं जगाच्या तळाची जमीन. दोघंही हातानं काम करणाऱ्यांतले, पदवी नाही, हुद्दा नाही. आणि दोघांच्याही बाबतीत नेमका त्या क्षणी हुद्द्याचा माणूस पुढे आला: तिकडे ग्रीनो, इकडे ब्रान्सफील्ड. ब्रान्सफील्डला मी दोष देत नाही, तो हुकमाचा ताबेदार होता आणि दर्यावर्दी म्हणून चोख होता. ग्रीनोला देते. त्याच्या नकाशाच्या १८६५ च्या आवृत्तीवर अखेर विल्यम स्मिथच्या मूळ नकाशाचा उल्लेख आला. तोवर दोघंही जगात नव्हते. सर्वसाधारण नावाच्या माणसाला बाजूला सारणं सोपं जातं, असं माझं मत झालं आहे. ‘कोण स्मिथ?’ एवढं विचारलं की झालं.

१८१९ म्हटलं की आपल्याला अजिंठा आठवतो. २८ एप्रिल १८१९ ला शिकारीला आलेल्या मद्रासच्या फौजेतल्या जॉन स्मिथ या अधिकाऱ्यानं दहाव्या लेण्यात बोधिसत्त्वाच्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख खरवडली. तो साचलेल्या ढिगाऱ्यावर उभा होता, म्हणून ती अक्षरं आज डोक्याच्या वर दिसतात. विल्यम नव्हे, जॉन, तेव्हा तो माझ्या यादीत बसत नाही. तरी सांगते, की लेणी आसपासच्या लोकांना आधीपासून ठाऊक होती. शेकडो वर्षांच्या चित्रावर नाव खरवडणारा घराघरांत पोचला आणि देशाचा नकाशा काढणारा त्याच साली तुरुंगात होता, ही तुलना मला सोडवत नाही. आपल्या इतिहासात वारंवार भेटणारा जनरल स्मिथ, ज्याच्या फौजेशी आष्टीला लढताना फेब्रुवारी १८१८ मध्ये बापू गोखले पडले, तो आणखी वेगळा. त्याचं नाव लायोनेल.

आता दुसऱ्या बाजूचे दोघं. जंटलमन स्मिथ हा नट. लंडनच्या किराणा व्यापाऱ्याचा मुलगा, ईटनला शिकलेला, केंब्रिजला गेलेला. १७५३ मध्ये कव्हेंट गार्डनला रंगमंचावर आला, नंतर ड्रूरी लेनला गेला. १७७७ मध्ये शेरिडनच्या ‘द स्कूल फॉर स्कँडल’मध्ये उधळ्या पण दिलदार चार्ल्स सरफेस पहिल्यांदा त्यानं रंगवला. गाजलेली नटी सेरा सिडन्स हिच्या लेडी मॅकबेथसमोर मॅकबेथ म्हणून तोच उभा राहिला. नंतर निवृत्त होऊन गावी सुखानं राहिला.

खासदार विल्यम स्मिथचे वडीलही लंडनचे किराणा व्यापारी. पण हे घराणं वेगळं, आणि धर्मानं चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरचं. गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी विल्बरफोर्सच्या जोडीला तो वर्षानुवर्षं पार्लमेंटात लढला. १८०७ मध्ये व्यापार बंद झाला. १८३३ मध्ये गुलामगिरीविरुद्ध कायदा झाला तो पाहून १८३५ मध्ये तो गेला. ईश्वराचं त्रैक्य न मानणाऱ्यांना कायद्यानं मिळणारी शिक्षा १८१३ मध्ये उठली, तीही त्याच्याच प्रयत्नांनी. त्याला चित्रांचा शौक होता. जॉशुआ रेनल्ड्सनं काढलेलं सेरा सिडन्सचं प्रसिद्ध चित्र काही काळ त्याच्या मालकीचं होतं. म्हणजे एका विल्यम स्मिथनं तिच्यासमोर काम केलं आणि दुसऱ्यानं तिचं चित्र घेतलं. अशा ठिकाणी कार्डावर साल नसेल तर अभ्यासकाची फसगत ठरलेली.

या खासदाराला १८२० च्या मे महिन्यात एक नात झाली. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात जन्मली म्हणून तिचं नाव फ्लॉरेन्स ठेवलं. नाइटिंगेल हे वडिलांचं आडनाव, आई स्मिथांची. भारतातल्या सार्वजनिक आरोग्याबद्दल आणि शेतकऱ्यांबद्दल तिनं वर्षानुवर्षं लिहिलं आणि आमच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. आजोबांचा वारसा इथपर्यंत आला, याचं मला पुणेकर म्हणून समाधान आहे.

एनफिल्डचा तो सहा वर्षांचा मुलगा मोठेपणी सर विल्यम स्मिथ, कोशकार झाला. आधी वकिलाकडे उमेदवारीला लागला होता, ग्रीक-लॅटिन फावल्या वेळात स्वतःच शिकला. १८४२ मध्ये ग्रीक आणि रोमन प्राचीन वस्तू-संस्थांचा कोश, १८४९ पर्यंत चरित्रं आणि पुराणकथांचा तीन खंडांचा कोश, मग भूगोलाचा, मग बायबलचा. आमच्या संदर्भ विभागात जाड पाठबांधणीचे त्याचे खंड होते. चरित्रकोश उघडला की अपोलोनियस नावाची माणसं एकापाठोपाठ एक येतात: एक कवी, एक गणिती, एक वैद्य, एक शिल्पकार. डायोनिसियस तसेच, टॉलेमी तसेच. प्रत्येकाचं गाव, काळ, काम शोधून त्याला स्वतःची जागा दिलेली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नामसारख्यांना इतक्या निगुतीनं वेगळं करणारा माणूस विल्यम स्मिथ असावा, हे मला फार आवडतं. आम्हा कॅटलॉग करणाऱ्यांचा तो पूर्वजच.

१८१९ मध्ये आणखी एक होता, सत्तावीस वर्षांचा विल्यम हेन्री स्मिथ, लंडनमध्ये वडिलांची वर्तमानपत्रांची एजन्सी चालवणारा. त्याच्या त्याच नावाच्या मुलाच्या पुढाकारानं १ नोव्हेंबर १८४८ ला युस्टन स्टेशनवर कंपनीचा पहिला पुस्तकांचा स्टॉल निघाला. आपण ज्या व्हीलरच्या स्टॉलवर गाडीची वाट पाहत मासिकं चाळली, त्या धंद्याची ही सुरुवात. हा मुलगा १८६८ मध्ये जॉन स्टुअर्ट मिलला वेस्टमिन्स्टरमध्ये हरवून खासदार झाला आणि पुढे नौदलमंत्री. २०२५ च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या बाजारपेठांतल्या ‘डब्ल्यू. एच. स्मिथ’च्या दुकानांची मालकी बदलली आणि पाट्यांवर ‘टी. जी. जोन्स’ आलं. स्टेशनं आणि विमानतळांवरची दुकानं जुन्याच नावाची राहिली. जोन्स हे कोणा माणसाचं नाव नाही, ते नव्यानं बसवलेलं आहे. मुलीनं पाटीचा फोटो पाठवला तेव्हा मला ते आवडलं नाही. खऱ्या माणसाचं नाव दुकानावर असतं तेव्हा निदान कोणीतरी विचारतं, हा कोण होता.

ग्लासगोत १८८३ मध्ये बॉइज ब्रिगेड ही मुलांची संघटना काढणारा विल्यम अलेक्झांडर स्मिथ खूप नंतरचा, १८५४ चा. त्याला मधलं नाव असल्यामुळे कॅटलॉगमध्ये त्यानं कधी त्रास दिला नाही.

लंडनला गेलात तर पिकॅडिलीवरच्या बर्लिंग्टन हाउसमध्ये जिऑलॉजिकल सोसायटीत जा. ज्या संस्थेनं स्मिथला आत घेतलं नाही तिथेच त्याचा नकाशा आता मानानं लावलेला आहे, रंग उडू नयेत म्हणून पडद्याआड, आणि ग्रीनोचाही जवळच. चुनखडीची हिरवी पट्टी डॉर्सेटपासून यॉर्कशायरपर्यंत बोटानं हवेतच रेखत जा, म्हणजे तो माणूस किती चालला असेल त्याचा अंदाज येतो.

आणि जे तरुण ग्रंथपाल हे वाचत असतील त्यांना एक विनंती. एका ग्रंथालयात कार्डांवरून संगणकात नोंदी चढवताना जन्म-मृत्यूची सालं गाळलेली मी पाहिली. जागा वाचते, काम लवकर उरकतं, असं कारण सांगितलं गेलं. आता तिथे ‘स्मिथ, विल्यम’ शोधलं की थरांचा स्मिथ आणि कोशकार स्मिथ एकाच माणसाची पुस्तकं म्हणून समोर येतात. मराठीतल्या जोशी-देशपांड्यांचंही तेच व्हायला लागलं आहे, कारण आद्याक्षरांवर भागवलं जातं. सालं परत घाला. जुनी कार्डं रद्दीत गेली नसतील तर ती काढून बसा. शंका आली तर मला लिहा, मी येऊन मदत करीन.